पुंजारामाचा देव

"आधी पाटी घ्या, मग मी येते," सुलाबाई म्हणाली.

लाँचवरचा खलाशी हात पुढं करून उभा होता. गेटवेच्या पायऱ्यांवर पाणी चढत होतं, उतरत होतं, आणि लाँच त्याच्याबरोबर खाली-वर होत होती. मागं रांग खोळंबली होती.

"आजी, तुम्ही या आधी. पाटी मागून घेतो मी."

"नको. पाटी राहिली तं मी पलीकडं जाऊन करू काय?"

खलाश्यानं पाटी उचलली. ती त्याला वाटली त्यापेक्षा जड निघाली. ओल्या गोणपाटाखालून शेवंतीचा गार, कडवट वास आला आणि डिझेलच्या वासात मिसळून गेला.

"काय भरलंय एवढं?"

"हार हाय."

"एवढी पाटीभर? एकच?"

"एकच."

सुलाबाईच्या मागं कुसाबाई उभी होती, लुगड्याचा काष्टा सावरत. नाशकात रामकुंडाच्या रस्त्यावर दोघींची हाराची दुकानं लागून होती. दुकानं म्हणजे काय, एकेक खोका आणि वर एक छत्री. "देवाला न्यायचाय त्यो हार," कुसाबाई खलाश्याला म्हणाली. "पण देव केवढा हाय ते इचारू नको बाबा. ऐकून तुझी लाँच बुडंल."

रांगेतले दोघंतिघं हसले. सुलाबाई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं खलाश्याचा हात धरला, पाय लाँचच्या फळीवर ठेवला, आणि पायाखालची जमीन अशी हलकेच सरकते तेव्हा माणसाला कसं वाटतं, ते तिला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

ही सहल नातीनं काढली होती. मनाली नाशकातच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिनं मोबाइलवर जाहिरात पाहिली: नाशिक ते घारापुरी, एका दिवसात, गाइडसकट, पहाटे निघून रात्री परत. आजीला न विचारता तिनं दोन जागा घेतल्या, आणि कुसाबाईनं "मला टाकून जाशील का गं मने?" म्हटल्यावर तिसरी घेतली. फक्त वारावरून तेवढं वाजलं होतं. सुलाबाईला सोमवार पाहिजे होता, महादेवाचा वार. ट्रॅव्हल्सवाल्यानं सांगितलं, लेणी सोमवारी बंद असतात.

"त्याच्याच वारी देव बंद?" कुसाबाईनं तोंडावर हात घेतला होता. "आपल्या कपालेश्वराला सांगा म्हणावं हे. सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते."

"त्याला सुट्टी लागत असंल," सुलाबाई म्हणाली होती. "लय मोठा देव हाय. दमत असंल." आणि मग बुधवार ठरला.

लाँच सुटली. गाइड दीपक, नारिंगी टोपीतला पोरसवदा गडी, माइक घेऊन उभा राहिला. माइक आधी किंचाळला, मग बोलू लागला. डावीकडं हे, उजवीकडं ते, ही नौदलाची जहाजं, ते तेलाचं जहाज. नाशकाहून बसमधून आलेली मंडळी फोटो काढायला एका बाजूला धावली, की लाँच त्या बाजूला कलायची, आणि दीपक "बसा हो, बसा" म्हणून ओरडायचा. सुलाबाईनं कडेचं बाक धरलं होतं. पाटी पायाशी, एक हात पाटीवर. मार्गशीर्षातलं ऊन होतं, अंगावर पडलं तरी न टोचणारं. समुद्रावर धुकं म्हणावं तर धुकं नव्हतं, पण दूरचं काहीच नीट दिसत नव्हतं. एक लांबलचक पूल आभाळातून निघून आभाळातच गेलेला दिसत होता. इंजिन एका लयीत धडधडत होतं, आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता. मखमलाबादच्या मळ्यात विहिरीवर ऑइल इंजिन होतं तेव्हा ते असंच धडधडायचं. पाणी पाटात आलं की आधी मातीचा वास, मग शेवंतीचा. तिचे डोळे मिटायला लागले.

तिचा मालक याच वाटेनं गेला होता. असाच, कडेच्या बाकावर.

मालक म्हणजे पुंजाराम. पण हे नाव सुलाबाईनं कधी उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर "सोमाचे वडील", आणि सोमा व्हायच्या आधी नुसतं "आवं". पुंजाराम मळ्यात फुलं काढायचा आणि पंचवटीत बसून हार करायचा. एकदा शेवंतीचा ट्रक भरून तो मुंबईला दादरच्या बाजारात गेला. लग्नाला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. माल विकला गेला, पण ट्रक दुसऱ्या दिवशी परतायचा होता. दिवस मोकळा. कुणीतरी म्हणालं, बेटावर एक देव आहे, लाँच जाते. हा एकटाच गेला.

परत आला तो निराळाच होऊन आला. दारात पिशवी टाकली, पाणी पण घेतलं नाही, आणि अंगणात दोन्ही हात पसरून उभा राहिला. "सुले, देव पाहिला गं. डोंगराच्या पोटात हाय. तीन तोंडाचा. तीन पुरुष उभे केले एकावर एक, तरी कपाळाला हात पुरायचा नाय!"

पुरुष हे माप विहिरीचं. आमची विहीर किती खोल, तर पाच पुरुष. पण खोली मोजायचं माप त्यानं वरच्या दिशेनं लावलं, तेव्हा तिला गरगरल्यासारखं झालं. तिनं वर आभाळाकडं पाहिलं होतं, हे तिला अजून आठवत होतं.

"डोळे मिटून बसलाय," तो सांगत होता. "एका तोंडाला मिशी, रागीट. एक तोंड बाईसारखं, आणि त्याच्या हातात फूल. आणि मधला नुसता बसलाय. बोलंल असं वाटतं, पण बोलत नाय. गळ्यात दगडाचे दागिने हायती, पण फुलाचा हार नाय. एवढ्या मोठ्या देवाला कुणी हार केलाच नसंल. माप कोण घेणार?"

पंचवटीत त्यानं हे सांगितलं तेव्हा लोक आधी ऐकत राहिले, मग हसले. आपल्याकडे देवांना काही तोटा नाही, प्रत्येक देवळाच्या हाराचं माप फूलवाल्यांच्या बोटात बसलेलं, आणि हा सांगतो तीन पुरुष! बाजारात पाहता पाहता ती बोलीच झाली. कुणी म्हणालं, माझ्या मळ्यात एवढा भोपळा निघाला, की लगेच कुणीतरी म्हणायचं, "हां हां, पुंजारामाचा देव!" पोरानं परीक्षेत मिळालेले गुण वाढवून सांगितले, पुंजारामाचा देव. व्याह्यानं शेताची बढाई मारली, पुंजारामाचा देव. ज्या बोलीनं सगळा बाजार हसायचा, तिच्यात नवऱ्याचं नाव होतं, म्हणून सुलाबाईला तर ती तोंडातूनसुद्धा काढता येत नव्हती.

आणि मग देव लहान व्हायला लागला.

ते एकदम झालं नाही. काही वर्षांनी तिच्या ध्यानात आलं की सोमाचे वडील आता दोन पुरुष म्हणतात. "दोन पुरुष तं सहज असंल," असं. मग सोमाच्या लग्नात पाहुण्यांनी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "असंल दीड-एक पुरुष. माप कुठं घेतलं?" पाहुण्यांनी माना डोलावल्या, त्यांना ते पटलं. पुढं पुढं त्यांनी विषयच सोडला. बांधावर बसून फुलं निवडत राहायचे. गेल्या वर्षी ते गेले. जायच्या आधी, दवाखान्यातून घरी आणल्यावर, एका दुपारी सुलाबाईनं त्यांना मुद्दाम विचारलं, नुसतं बोलतं करायला म्हणून. "आवं, त्यो देव केवढा व्हता वो?" तेव्हा ते हात उचलायला गेले, पण उचलले नाहीत. म्हणाले, "माझ्याएवढाच व्हता गं. अंधार व्हता ना. अंधारात मोठा वाटला असंल."

त्या दिवसापासून सुलाबाईच्या मनात एकच होतं. देव खरा केवढा आहे, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. तीन पुरुष, दोन, का एक. यातला कुठला माणूस खरं बोलत होता, अंगणात हात पसरणारा का खाटेवरचा, ते तिला स्वतःचे डोळे मिटायच्या आधी कळायला हवं होतं.

मनालीनं मोबाइलवर फोटो दाखवला होता. कुसाबाई वाकून बघत म्हणाली होती, "हा तं आपल्या तांब्याएवढाच हाय की!" आणि मनालीनं कितीही मोठा करून दाखवला तरी तो मोबाइलएवढाच राहिला.

मग हाराचं माप आलं. एक पुरुष उंच देवाचा हार करायचा, तर मन मानेना. तीन पुरुषांचा करायचा, तर उद्या देव लहान निघाला की हाराकडं बघून लोक हसतील, आणि हसतील ते सोमाच्या वडिलांनाच. सुलाबाईनं मधलं माप धरलं, दोन पुरुषांचं. मळ्यातली पिवळी शेवंती, मधेमधे झेंडूचे गेंद, आणि मध्यभागी पांढऱ्या शेवंतीचं पदक. दुहेरी दोरा. दिवसभर दोघी ओवत होत्या, आणि कुसाबाई दर वितीला म्हणत होती, "अगं, बास! हा हार घालून देव उठायचा कसा?"

"आजी, आलं बघा," मनालीनं खांदा हलवला.

डोळे उघडले तेव्हा पाण्यातून एक हिरवा डोंगर वर आला होता.

धक्क्यावरून एक खेळण्यातली वाटावी अशी आगगाडी पायथ्यापर्यंत गेली. पुढं पायऱ्या. दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्रीखाली दुकानं, माळा, दगडाचे हत्ती, टोप्या. पहिल्याच वळणावर कुसाबाई खाली बसली.

"माझे गुडघे गेले. मी नाय येत."

"कुसाबाई, डोलीत बसा ना," दीपक म्हणाला. "खुर्ची असते, चौघं उचलतात."

"चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचंय मला, तेव्हा जाईन." तिनं चपला काढून पाय लांब केले. शेजारी बेटावरचीच एक बाई पाटीत बोरं घेऊन बसली होती. कुसाबाईनं तिच्या पाटीतलं एक बोर उचलून तोंडात टाकलं. "जा तुम्ही. सुले, नीट बघून ये गं. मला येऊन सांग, केवढा हाय तुझा त्यो."

"माझा कुठला?" सुलाबाई म्हणाली. "साऱ्यांचा."

"नाय बाई. साऱ्यांचा नाय. पुंजारामाचा."

मनाली आणि दीपकनं पाटी दोन बाजूंनी धरली, आणि ते तिघं चढत गेले. माकडं पाटीच्या वासानं कठड्यावरून बरोबर चालत आली. दीपकला उशीर होत होता, बाकीची मंडळी पुढं गेली होती, तरी तो आजीच्या पावलानं चढत होता. एकदाच म्हणाला, "आजी, एक सांगू का? आत हार घालू देतील असं मला वाटत नाही. ते देऊळ नाही, लेणं आहे. मूर्तीला हात लावायला बंदी असते."

"मूर्ती नाय त्यो. देव हाय."

"हो, पण..."

"असू दे बाबा. आधी बघू तं दे."

लेण्याच्या तोंडाशी बाहेरचं ऊन एकदम थांबलं. आत खांब होते, जाडजूड, वर जाऊन उशीसारखे दबलेले. जणू डोंगराचा भार घेऊन घेऊन त्यांच्या माना बसल्या होत्या. उंबरठ्यापाशी सुलाबाईनं चपला काढल्या. कुणीच काढत नव्हतं. पायाला दगड गार लागला, मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांसारखा. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. नुसता काळोख आणि माणसांचे घुमणारे आवाज. मनालीचा हात धरून ती खांबांच्या मधल्या वाटेनं सरळ पुढं गेली. आणि मग काळोखात आधी एक ओठ दिसला.

खालचा ओठ. जाड, शांत. मग वरचं नाक, मग मिटलेल्या पापण्या. काळोखातून चेहरा तसा वर आला जसा पहाटे मळ्यात धुक्यातून विहिरीचा काठ वर येतो, एक एक भाग, न घाई करता. मग त्याच्या वर मुकुट, आणि मुकुट वर, वर, वरच जात राहिला. तिची मान मागं गेली. पदर डोक्यावरून सरकला, तरी तिला कळलं नाही.

देवाच्या खाली पहाऱ्यावरचा एक शिपाई उभा होता. चांगला उंचपुरा होता. त्याची टोपी देवाच्या छातीलाही पोचत नव्हती.

सुलाबाई मनातल्या मनात शिपायावर शिपाई उभा करत गेली. एक. मग त्याच्या खांद्यावर दुसरा. दुसऱ्यावर तिसरा. तिसऱ्यानं हात उंच केला. कपाळापर्यंत पुरला नाही.

डावीकडं रागीट तोंड होतं, मिशीचं. उजवीकडं बाईसारखं, आणि त्याच्या हातात फूल. सगळं सांगितलं तसं. एकही गोष्ट जास्तीची नव्हती.

"आजी?" मनाली म्हणाली. "काय झालं?"

सुलाबाई देवाकडंच बघत होती. अंगणात हात पसरून उभा असलेला तरणा माणूस तिला दिसत होता. मग सोमाच्या लग्नातला, दीड पुरुष म्हणणारा. मग खाटेवरचा. त्या माणसानं हा असा देव पाहिला होता, आणि लोकांना पटावा म्हणून तो वर्षावर्षाला थोडा थोडा तासत आणला, अगदी आपल्या उंचीपर्यंत. तरीही कुणाला पटला नाही, शेवटी त्याचा त्यालाही नाही.

"अंधाराचं नव्हतं वो ते," ती पुटपुटली. "अंधारानं मोठा नाय झाला. एवढाच हाय."

मनालीनं पाटीवरचं गोणपाट काढलं. ती दीपककडं बघत होती, दीपक शिपायाकडं. शिपाई पुढं आला. त्यानं पाटी पाहिली, आजीकडं पाहिलं. आवाज चढवला नाही.

"आजी, मूर्तीला काही घालता येत नाही. नियम आहे. आम्हाला पण हात लावता येत नाही."

"बराबर हाय," सुलाबाई म्हणाली. तिलाही दिसत होतंच. दोन पुरुषांचा हार या गळ्याला पुरला नसता. एका कानापासून निघाला असता आणि छातीवर येईतो संपला असता. परवानगी मिळाली असती तर जास्तच वाईट दिसलं असतं. "नाय घालत. पण दुरून दाखवू का?"

"दुरून म्हणजे?"

तिनं मनालीला हाराचं एक टोक दिलं, दुसरं दीपकला. दोघांना मधल्या वाटेत, दोन बाजूंच्या खांबांपाशी उभं केलं. स्वतः मागं जात राहिली, जवळजवळ लेण्याच्या तोंडापर्यंत, जिथं बाहेरचं ऊन पाठीला लागत होतं. "वर धरा. आणखी वर. हात ताठ." दोघांनी हात उंच केले. मधे हार झोकदार खाली आला, पांढरं पदक बरोबर मध्यभागी. तिनं एक डोळा मिटला. एवढ्या दुरून देवाच्या हनुवटीखाली हार अंगठीएवढा दिसत होता.

"आता माझ्याकडं या," ती म्हणाली. "सावकाश. हात खाली करायचे नाय."

दोघं उलट्या पावलांनी येऊ लागले. हार मोठा होत गेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडली. कुणी म्हणालं, "शूटिंग आहे का?" शिपायानं हात आडवा करून आत येणाऱ्यांना थांबवलं. "थांबा जरा. एक मिनिट."

"अजून," सुलाबाई म्हणाली. "अजून मागं. अजून..."

दीपकनं दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दिला होता. मनालीनं ओठ दातांत धरला होता. आणि मग हाराची दोन्ही टोकं देवाच्या दोन खांद्यांवर जाऊन टेकली, पिवळी कमान गळ्याखाली बसली, आणि पांढरं पदक छातीच्या मधोमध आलं.

"बस."

कुणी हललं नाही. वाऱ्यानं एक पाकळी सुटून खाली आली. सुलाबाईनं हात जोडले नाहीत. हार करणारी बाई पुजाऱ्याच्या हातात हार दिल्यावर एकदा दुरून बघते, सरळ बसलाय का, तेवढंच तिनं बघितलं. सरळ बसला होता. मग ती हळूच म्हणाली, आणि मनालीला ते ऐकू गेलं, कारण मनाली आता अगदी जवळ आली होती.

"पुंजारामाचा देव."

मनालीनं चमकून वळून पाहिलं. आजीच्या तोंडून आजोबांचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या लाँचवर ऊन तिरपं झालं होतं. पाणी तांब्याच्या घंगाळात हलवल्यासारखं हलत होतं, आणि सीगल पक्षी लाँचच्या बरोबरीनं उडत होते, इतक्या जवळून की त्यांचे डोळे दिसावेत. पाटी रिकामी होती. लाँच चालवणाऱ्या तांडेलानं धक्क्यावर विचारलं होतं, "आजी, हार परत नेताय?" आणि ती म्हणाली होती, "देवाला दाखवून झालाय. तुझ्या लाँचला घाल." आता तो हार लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेवर होता, आणि लाट आली की त्याचं पांढरं पदक पाण्याला लागून वर यायचं.

कुसाबाईच्या ओटीत बोरं होती. बोरंवाल्या बाईशी तिनं दिवसभरात पोरींची लग्नं, सुनांचे स्वभाव असं सगळं बोलून घेतलं होतं, ते ती आता सांगत होती. ते संपल्यावर तिनं एक बी समुद्रात थुंकली आणि पदरानं तोंड पुसलं.

"मग? सांग की आता. केवढा व्हता?"

आसपासची दोघंचौघं हसऱ्या चेहऱ्यानं वळली. येताना त्यांनी ऐकलं होतं.

सुलाबाईनं दोन्ही हात पसरले. पूर्ण, खांद्यातून, जसे चार तपांपूर्वी अंगणात कुणीतरी पसरले होते. बोटं ताठ केली. मग तिनं एका हाताकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं, आणि मान हलवली.

"पुरत नाय," ती म्हणाली. "मने, ऊठ. धर माझा हात. तुझा पसर तिकडं."

मनाली उठली. आजीच्या बोटांना बोटं लावून तिनं दुसरा हात लांब केला, लाँचच्या कठड्याकडं.

कुसाबाई बघत राहिली. तिच्या ओठांवर ते नेहमीचे शब्द आले होते, सगळ्या बाजाराच्या ओठांवर असायचे तेच. पण सुलाबाई तिच्याकडं अशी बघत होती, हात पसरून, डोळे न हलवता, की ते शब्द तिथंच राहिले.

"आता काय, मी पण उठू?" कुसाबाई म्हणाली.

"ऊठ."

"माझे गुडघे..."

"हाताचं काम हाय, कुसे. गुडघ्याचं नाय."

कुसाबाई कण्हत, बाकाला धरत उठली. ओटीतली चार बोरं फळीवर घरंगळली. तिनं सुलाबाईचा दुसरा हात धरला, आणि आपला मोकळा हात पसरला, पार पलीकडच्या कठड्यापर्यंत. फुलं ओवून ओवून टोकं टणक झालेली बोटं एकमेकींत अडकली. लाँच हलली, तशा तिघी एकत्र हलल्या, एका दोऱ्यात असल्यासारख्या. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत आता नुसते हातच होते, आणि वर पक्षी.

"एवढा?" कुसाबाईनं विचारलं. या वेळी ती हसत नव्हती.

"अजून," सुलाबाई म्हणाली.